उशाजवळचं पान

नीतीचा तास आठवड्याच्या अगदी शेवटी, शुक्रवारी साडेचारला. एवढ्यावरून त्या विषयाची पत कळावी. शरीररचना सकाळी, डोकं ताजं असताना. औषधशास्त्र तिच्या पाठोपाठ. आणि खाटेवरच्या माणसाशी माणसासारखं कसं वागायचं हे शिकवायचं, ते पोरींचं अर्धं लक्ष एसटीच्या वेळेकडे लागलेलं असताना. विद्यापीठानं 'नीतिशास्त्र व मानव्यविद्या' असा भारदस्त विषय अभ्यासक्रमात घातला, तेव्हा सेवाव्रत नर्सिंग महाविद्यालयाच्या बैठकीत तो कोण घेणार यावर कुणी बोलेना. सगळे बिस्किटं खात राहिले. शेवटी तो सत्यशीलाबाई मुनेश्वरांच्या गळ्यात पडला, कारण बाईंना नाही म्हणता येत नाही असा सगळ्यांचा समज होता. समज चुकीचा होता. बाईंना तो विषय हवाच होता.

बाई मूळच्या कळंबजवळच्या एका खेड्यातल्या. आजोबांनी छप्पन सालच्या पाठोपाठ धम्म घेतलेला, त्यांनीच नातीचं नाव सत्यशीला ठेवलं. नावाला जागायचं ओझं माझ्यावर पाळण्यातच पडलं, असं बाई हसत सांगायच्या. शिकवायला येण्याआधी त्यांनी वीस वर्षं वॉर्डात काढली होती. पट्टीखालची जखम चिघळलीय का ते पट्टी न सोडता वासावरून सांगत. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे घडलं ते अडाणीपणातून घडलं नाही. अडाणीपणाला निदान माफी तरी असते.

वॉर्डातल्या पहिल्याच वर्षी त्यांच्याकडच्या एका खाटेवर नलू नावाची एक बाई होती. जेमतेम वीस वर्षांची. नवऱ्याकडून आलेला एक नको तो आजार तिनं सत्यशीलाबाईंच्या कानात सांगितला. बाई नव्या आणि कामाला चोख. त्यांनी तो शब्द न् शब्द केसपेपरवर लिहिला. दुसऱ्या दिवशी फेरीला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी तो खणखणीत आवाजात वाचला, सासू शेजारी स्टुलावर बसलेली असताना. संध्याकाळी खाट रिकामी होती. पुढे दोन वर्षांनी बाई त्या गावात गेल्या, तर नलूचं नाव काढल्यावर शेजारणींनी दारं ओढून घेतली. तिचं काय झालं ते त्यांना कधीच कळलं नाही, अंदाज मात्र चांगलाच होता.

म्हणून नीतीचा विषय हाती आल्यावर बाईंनी पुस्तकातली व्याख्यानं बाजूला सारली आणि एक रीत पाडली. प्रत्येक मुलीनं आठवड्यातून एकदा एका रुग्णाच्या उशाशी अर्धा तास बसायचं. हातात पेन नाही, थर्मामीटर नाही. तो बोलेल ते ऐकायचं, आणि खोलीवर जाऊन त्याच्याच शब्दांत एक पान लिहायचं. वऱ्हाडीत बोलला तर वऱ्हाडीत, आपला एकही शब्द आत घालायचा नाही. आपल्या डोळ्यांनी जे दिसलं ते खाली दोन ओळींत. ते पान शुक्रवारी वर्गात यायचं आणि वर्गातच राहायचं. "उशाजवळचं उशाजवळ," असं बाई म्हणत, आणि पोरी ते शपथेसारखं घोकत. डॉक्टरांना नाही, मेट्रनला नाही, आईलासुद्धा नाही. चारपाच वर्षांत त्या पानांची कीर्ती झाली. साडेचारच्या तासाला पोरी एसटी चुकवून बसू लागल्या.

यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. फक्त ती पानं बाई वाचत कशा, ते सांगायला हवं. लाल पेन घेऊन वाचत. माणूस जिथं खरा बोलला, जिथं वाक्य काळजातून आलं, त्याखाली रेघ मारून 'छान' लिहीत. दहापैकी गुण देत. बाईंचा कान मोठा तयार होता. चांगल्या वाक्यावर त्या भाळत.

बोंडअळीच्या त्या वर्षी पोळा झाला आणि पानांत काहीतरी येऊ लागलं. पहिलं पान ढाणकीकडच्या एका मजुराचं होतं. त्यात लिहिलं होतं, 'रस्त्यानं एक बैल येऊन राह्यला होता, मले दोन दिसले. मी दोघायलेही वाट देली.' बाई वाचून मोठ्यानं हसल्या. लाल रेघ, छान, नऊ गुण. पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या मुलीच्या पानात आलं, 'यंदा पऱ्हाटी माह्या डोक्याच्या वर गेली. औषध वरतं मारा लागे, ते पावसावानी माह्यावरच पडे.' पऱ्हाटी म्हणजे कपाशी. पुन्हा रेघ. त्याच्या पुढच्या आठवड्यात, 'माह्या घामालेच वास येऊन राह्यला बाई, लेकरू जवळ येत नाई.' बाईंनी ते वाक्य वर्गात दोनदा वाचून दाखवलं. एका पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तासाचं सार्थक झालं असं सगळ्यांना वाटलं, आणि सगळ्याजणी घरी गेल्या.

तिकडे रुग्णालयात त्या दिवसांत एक पद्धत पडून गेली होती. कुणी पाडली नव्हती, आपोआप पडली होती. शेतातून आणलेला माणूस, तोंडाला फेस, अंगाला औषधाचा वास, डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी झालेली, म्हणजे हा प्यायला. दुसरं कुणी काही विचारायचंच नाही. कापसाच्या त्या वर्षांनी आमच्या जिल्ह्याला असं काही शिकवून ठेवलं होतं की प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर तयार असे. नळी घाल, पोट धू, इंजेक्शन लाव, कागदावर 'विष प्राशन' लिही, पोलिसांना कळव. घरच्यांनी नाही म्हटलं तर घरचे नाहीच म्हणणार, असं सगळे समजून चालत.

मंगळवारी दुपारी फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरून पूनमसिंगला आणलं. चाळिशीच्या आतला, फवारणीची मजुरी करणारा बंजारा. सोबत बायको बसंतीबाई. कॅज्युअल्टीत डॉक्टर प्रफुल्ल होते. तरणा, कष्टाळू, त्या दिवशी दोन पाळ्या सलग केलेला. त्यांनी पोट धुतलं, इंजेक्शनं लावली, कागदावर तेच दोन शब्द लिहिले. बसंतीबाई काही बोलली नाही. बुधवारी सकाळी पूनमसिंगनं डोळे उघडले, पाणी मागितलं, आणि सगळ्यांना वाटलं की हा वाचला.

बुधवारी दुपारी त्याच्या उशाशी उज्ज्वला राठोड बसली. दुसऱ्या वर्षाला होती. तीही तांड्यावरचीच. पूनमसिंग तिच्याशी गोरबोलीत बोलू लागला. आपल्या बोलीत बोलायला माणूस मिळालं की गडी मोकळा होतो, तसा तो अर्धा तास मोकळा झाला.

गुरुवारी सकाळी उज्ज्वलानं बाईंना जिन्यात गाठलं.

आता तो गुरुवार कसा होता ते ऐका. विद्यापीठाची समिती आली होती. आसपासच्या कॉलेजांतले शिक्षक आले होते. 'उशाजवळचं पान' हा प्रयोग काय आहे हे बाई त्यांना सभागृहात सांगणार होत्या. अंगावर ठेवणीतली निळी साडी, हातात निवडक पानांच्या झेरॉक्स प्रतींचा गठ्ठा. लाल रेघांची सगळी पानं त्यात होती, नावं तेवढी पांढऱ्या शाईनं बुजवलेली. नाव बुजवलं की पान वर्गाबाहेर न्यायला हरकत नाही, असा निवाडा बाईंनी आपला आपणच करून टाकला होता.

"मॅडम, एक इचारू काय?" उज्ज्वला म्हणाली. तिचे डोळे लाल होते. बाईंना वाटलं, पोरीचं जागरण झालं असेल.

"लवकर विचार गं. वर साहेब लोक बसलेत."

"पेशंट कागदापेक्षा येगळंच सांगून राह्यला तं आपण कोनाले सांगाव काय? त्यानं मले सांगू नको म्हणून शपथ घातली."

बाई एक पायरी वर चढल्या होत्या. तिथूनच वळून त्यांनी उज्ज्वलाच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात माया होती, खोटं कशाला सांगू. "शपथ घातली ना? मग झालं तर. उशाजवळचं उशाजवळ. तू उद्या पानात लिहून आण, आपण पाहू."

काय सांगितलं, कोणी सांगितलं, कागदावर काय आहे, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. पूनमसिंगचा जीव त्या वेळी त्या जिन्यात होता, वॉर्डात नव्हता. बाई वर गेल्या. तासभर इतक्या सुरेख बोलल्या की समितीतल्या एका वयस्क बाईंनी रुमाल काढला. बैलाच्या वाक्याला टाळी पडली. चहाच्या वेळी डॉक्टर प्रफुल्ल शेजारी कप घेऊन उभे होते, जांभया दाबत म्हणाले, "मॅडम, एक केस समजत नाहीये. पोट स्वच्छ धुतलंय, औषध पुरेसं चाललंय, काल चांगला बोलत होता. आज पुन्हा घाम, पुन्हा लाळ. विष येतंय तरी कुठून?" बाई म्हणाल्या, "होतं असं कधी कधी," आणि समितीच्या अध्यक्षांकडे वळल्या.

शुक्रवारी साडेचारला पानं आली. बाईंनी रीतीप्रमाणे गठ्ठा पुढ्यात घेतला, पोरींना दहा मिनिटं शांत बसायला सांगितलं आणि लाल पेनाचं टोपण काढलं. उज्ज्वलाचं पान तिसरं होतं. गोरबोलीतलं तिनं शब्दाला शब्द लावून आपल्या मराठीत उतरवलं होतं.

'मी पेलो नाई. डॉक्टर म्हणते पेला, तं म्हणू द्या. पंप सकाळपासून पाठीवर गळून राह्यला होता. पाठ थंड लागे, बरं वाटे. शेत माह्या होणाऱ्या व्याह्याचं हाय. दिवाळी झाली का पोरीचं लगन. त्याईचं नाव पोलिसात गेलं तं सोयरीक तुटते. मी पेलो म्हणलं तं कोनाचंच काही जात नाई. त्या वावरात अजून तिघं फवारून राह्यले, सेवादास हाय, दोघं पलीकडच्या तांड्याचे. तू कोनाले सांगू नको, तुले याडीची आन.'

याडी म्हणजे आई. 'पाठ थंड लागे, बरं वाटे' या वाक्याखाली बाईंचा पेन निम्मा गेला होता. सवयीनंच गेला होता. तिथं तो थांबला, कारण नजर खाली उज्ज्वलानं लिहिलेल्या स्वतःच्या दोन ओळींवर पडली. 'उशी नव्हती. फवारताना तोंडाला बांधलेला दुपट्टा घडी करून डोक्याखाली दिला आहे, बायको त्यानंच त्याचं तोंड पुसते. जवळ बसून माझे डोळे चुरचुरले आणि डोकं दुखलं.'

बाई उठल्या तेव्हा खुर्ची मागे पडली. वर्गात कुणाला काही कळेना. "कोणत्या खाटेवर?" त्यांनी विचारलं. उज्ज्वला म्हणाली, "अठरा." तिचा चेहरा पांढरा पडला होता. शिकवलेलं सगळं पाळलं, तरी काय चुकलं, हे तिला समजत नव्हतं.

वॉर्डात पूनमसिंग घरघरत होता. बाईंनी डोक्याखालचा दुपट्टा ओढला आणि त्याचा वास नाकात गेला मात्र, वीस वर्षांची नर्स जागी झाली. "कात्री," त्या म्हणाल्या. "बादल्या आणा, साबण आणा, हातमोजे घाला सगळ्यांनी. हा प्यायलेला नाही. याच्या अंगावर आहे ते."

डॉक्टर प्रफुल्ल धावत आले. "मॅडम, कागदावर..."

"कागद राहू द्या तुमचा! केसांत बघा. नखांत बघा. तीन दिवस आपण पोट धुतोय आणि विष उशाखाली ठेवलंय."

डॉक्टर माणूस चांगला. वाद घातला नाही, बाह्या सारल्या. कंबरेची चड्डी मंगळवारपासून तीच होती, वाळून कडक झालेली. ती कापून काढली. केस कातरले. दोघांनी मिळून त्याला चार वेळा साबणानं धुतलं, कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत. बसंतीबाई भिंतीला टेकून पाहत होती. ज्या कापडानं तीन दिवस मायेनं नवऱ्याचं तोंड पुसलं, ते कापड चिमट्यात धरून पिशवीत घालताना तिनं पाहिलं. ती ओरडली नाही. आपले दोन्ही तळवे समोर धरून पाहत राहिली, आणि मग उज्ज्वलानं तिचेही हात धुतले.

त्याच संध्याकाळी बाईंनी सगळी जुनी पानं काढून टेबलावर पसरली. चार आठवड्यांत अकरा माणसं. वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या पोरींनी ऐकलेली. डोक्यावरची पऱ्हाटी, दोन दिसणारा बैल, घामाचा वास. अकराही जण एकच गोष्ट सांगत होते आणि बाईंनी त्यांना साडेआठ, नऊ, साडेनऊ असे गुण दिले होते. सगळ्यात जास्त लाल रेघा जिथं, तिथंच सगळं लिहिलेलं होतं. बाईंना स्वतःची इतकी किळस आली की त्यांनी पेन खिडकीतून बाहेर फेकला. पेन फेकून काय होतं? काही होत नाही. बैल गेला न् झोपा केला.

मग त्यांनी पोलिसांना जबाब लिहून दिला. पूनमसिंग प्यायलेला नाही, फवारताना विषबाधा झाली, अमक्या शिवारातलं अमक्याचं वावर, तिथं अजून तिघं आहेत. नाव लिहिल्याशिवाय त्या तिघांपर्यंत कुणी पोचलं नसतं. उज्ज्वला समोर उभी होती. "मॅडम, मी आईची शपथ घेतली होती," ती म्हणाली.

"तुझी शपथ मी मोडते आहे," बाई म्हणाल्या. "पाप मला लागू दे."

बोलायला हे सोपं असतं.

शनिवारी सकाळी त्या वावरातून सेवादासला आणलं. दारातच नळाखाली बसवून त्याला आधी धुतलं, मग आत घेतलं. तो वाचला. उरलेले दोघं चक्कर, मळमळ यावर निभावले. पूनमसिंग शनिवारी दुपारी गेला. श्वासाचे स्नायूच थकले होते, डॉक्टर प्रफुल्ल शेवटपर्यंत हातानं श्वासाचा फुगा दाबत होते. बुधवारी धुतला असता तर, असं त्यांनी अर्धवट म्हटलं आणि बाईंकडे पाहून वाक्य सोडून दिलं. गुरुवारीसुद्धा चाललं असतं, हे बाईंना त्यांच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

पंधरा दिवसांनी बसंतीबाई दाखला न्यायला आली. नवं लुगडं नाही, कपाळ मोकळं, हातातल्या बांगड्या उतरवलेल्या. तिच्या मराठीचा भरवसा नव्हता म्हणून उज्ज्वला सोबत आली होती. बाईंनी दोघींना आपल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. बसंतीबाईनं पाणी घेतलं नाही. बराच वेळ गोरबोलीत ती एकसुरात बोलली, रडली नाही, आवाज चढवला नाही. पोरीचं नाव तेवढं बाईंना कळलं.

"काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

उज्ज्वला जमिनीकडे पाहत होती. "म्हणते का व्याही आलते परवा. आमचं नाव चौकीत लिहून देलं म्हणे, अशा घरची पोरगी नको. साखरपुड्याचं लुगडं वापस घेऊन गेले."

सेवादास जिवंत आहे, त्याच शिवारात आज चालतो फिरतो, हे सत्यशीलाबाईंना सांगता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. पण ते या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं?

बसंतीबाई आणखी काहीतरी म्हणाली. या वेळी थोडकंच. उज्ज्वलानं ते मराठीत आणलं नाही.

"सांग," बाई म्हणाल्या. "जसं आहे तसं सांग."

उज्ज्वलानं मान वर केली आणि बाईंकडे सरळ पाहिलं. "म्हणते, पयल्याच दिवशी सांगतलं असतं तं माहा माणूस वाचला असता. कदीच सांगतलं नसतं तं माही पोरगी मांडवात उभी राह्यली असती. तुमी मधातच काहून सांगतलं, बाई?"